गादी जुळली, पण त्रास ६ वर्षांनी सुरू झाला

माझ्या डाव्या गुडघ्यातली गादी २०१७ साली पुण्यात दुर्बिणीतून शिवली आणि ती व्यवस्थित जुळली. हे आधीच सांगून टाकते, कारण ६ वर्षांनी गुडघा परत दुखायला लागला तेव्हा घरच्यांपासून डॉक्टरांपर्यंत जो तो एकच विचारायचा, "परत फाटली का?" फाटली नव्हती. त्रास देत होतं ते ती शिवायला वापरलेलं सामान. हे कळायला जवळपास वर्ष गेलं.

गादी म्हणजे मेनिस्कस. मांडीचं हाड आणि नडगीचं हाड यांच्यामध्ये आतल्या बाजूला एक आणि बाहेरच्या बाजूला एक अशा दोन अर्धचंद्राकृती कूर्चा असतात. पेशंटशी बोलताना डॉक्टर त्यांना गादीच म्हणतात. मी कॉलेजात खो-खो खेळायचे. पुढे टॉवेलच्या कारखान्यात हिशोबाच्या नोकरीला लागले तरी संध्याकाळी शाळेतल्या मुलींना शिकवायला मैदानावर जायचे. खांबाला वळसा कसा मारायचा हे करून दाखवताना पाय जागेवर रुतला आणि वरचं शरीर फिरलं. गुडघा अर्धवट वाकलेला अडकला तो सरळच होईना. एमआरआयवर 'बकेट हँडल' प्रकारची फाट निघाली. यात गादीचा आतला काठ लांबच्या लांब सुटतो आणि उलटून सांध्याच्या मधोमध येऊन बसतो, म्हणून गुडघा अडकतो.

अशी फाटलेली गादी पूर्वी सरळ काढून टाकत. १९४८ मध्ये फेअरबँक या ब्रिटिश सर्जनने गादी काढलेल्या गुडघ्यांचे एक्स-रे अभ्यासून दाखवलं की पुढे त्या सांध्यातली फट कमी होत जाते, हाडाच्या कडा बदलतात. त्यानंतरच्या दशकांत जमेल तेवढी गादी वाचवायची, हा विचार रुजला. पण ती सगळीकडे जुळत नाही. रक्तपुरवठा फक्त बाहेरच्या काठाला असतो, आतल्या भागाला नसतो. माझी फाट काठाजवळची होती आणि वय तिशीचं. भाऊ पुण्यात असल्यामुळे ऑपरेशन तिथेच झालं. सहा आठवडे कुबड्या, ब्रेस, नव्वद अंशांच्या पुढे वाकवायचं नाही, पुढचे काही महिने उकिडवं बसायचं नाही, हे सगळं पाळलं. मे महिन्यात आमच्या सोलापूरच्या उन्हात मांडीपासून पोटरीपर्यंत ब्रेस बांधून बसणं काय असतं ते ज्याने केलंय त्यालाच कळेल. पण पाय बरा झाला. पळणं सोडलं तर सगळं करत होते.

२०२३ च्या जानेवारीत, गड्ड्याच्या, म्हणजे सिद्धेश्वराच्या यात्रेच्या दिवसांत, नंदीध्वजांच्या मिरवणुकीच्या वाटेवर रांगोळी काढताना त्याच गुडघ्यात आतल्या बाजूने पहिल्यांदा चमक मारली. आम्ही त्या वाटेवरच्या उत्तर कसब्यात राहतो, त्यामुळे आळीतल्या बायका मिळून रांगोळी काढतात आणि बराच वेळ खाली बसणं होतं. तेव्हा वाटलं, बसण्यानेच झालं असेल. होळीच्या सुमारास गुडघ्याच्या आतल्या बाजूला, सांध्याच्या रेषेवर, बोटाला एक गाठ लागायला लागली. पाय सरळ केला की ती वर यायची, वाकवला की आत जायची. दिवसभर खुर्चीवर बसून उठलं की तिथे ठसठसायचं. जिना चढताना विशेष काही नाही, उतरताना मात्र कठडा धरावा लागायचा.

आमच्याकडे गुडघा दुखतोय म्हटलं की उपायांना तोटा नसतो. सासूबाईंनी, म्हणजे आम्ही त्यांना आत्या म्हणतो, त्यांनी तिळाचं तेल कोमट करून चोळलं. शेजारच्या वहिनी म्हणाल्या, "नस चढलीय, आमच्या गावाकडं एक जण उतरवतो." ऑफिसमध्ये एकाने वात सांगितला, दुसऱ्याने वजन. वजनाचं खरंही होतं, पण वजनाने एकाच गुडघ्याच्या एकाच जागी गाठ येत नाही.

पहिल्या डॉक्टरांनी एक्स-रे काढला. हाडं छान, फट छान. वेदनाशामक गोळ्या दिल्या. मला पुढे समजलं की माझ्या गुडघ्यात जे होतं ते एक्स-रेवर दिसण्याचं कारणच नव्हतं, कारण ते धातूचं नाही. पण 'एक्स-रे नॉर्मल' हे दोन शब्द कागदावर आले की घरात सगळ्यांचा जीव भांड्यात पडतो आणि दुखणाऱ्याचं दुखणं लाडाचं ठरतं. दुसऱ्या डॉक्टरांनी गाठीत सुई घालून पाणी काढलं. पाणी कसलं, पिवळसर, चिकट, जेलीसारखं काहीतरी. सिरिंजमध्ये ओढताना डॉक्टरांचा अंगठा थरथरत होता इतकं ते दाट होतं. गाठ बसली. मी खुशीत घरी आले. काही आठवड्यांत ती होती तिथेच पुन्हा उभी.

मग एमआरआय. इथे एक गोष्ट घडली ती सांगण्यासारखी आहे. एमआरआयच्या चिठ्ठीवर 'डावा गुडघा, दुखणे, गाठ' एवढंच लिहिलेलं होतं. आधीचं ऑपरेशन कुणी लिहिलं नव्हतं. तिथल्या मुलीने अंगात कुठे लोखंड, पेसमेकर, क्लिप आहे का ते विचारलं. मी नाही म्हणाले आणि ते खरंच होतं. प्लास्टिकबद्दल कुणी विचारत नाही. रिपोर्ट आला: आतल्या गादीच्या मागच्या भागात वरच्या पृष्ठभागापर्यंत जाणारी पांढरी रेषा, म्हणजे फाट, शेजारी गादीला लागून पाण्याची गाठ. तो रिपोर्ट पाहून सांगण्यात आलं, "पुन्हा फाटलीय. आता शिवण्यात अर्थ नाही, तेवढी गादी काढून टाकू."

मी चाळिशीही गाठली नव्हती आणि फेअरबँकचा १९४८ चा धडा पुण्याच्या सर्जनने मला चित्र काढून समजावलेला होता. आतल्या बाजूची गादी काढली की भार थेट हाडांवरच्या कूर्चेवर येतो. मला घाई करायची नव्हती. "पुण्याला जाऊन दाखव," असं अर्थातच सगळ्यांनी सुचवलं. आपल्याकडे सर्दी जुनी झाली तरी लोक पुण्याच्या हुतात्मा एक्स्प्रेसचं तिकीट काढतात. खरं तर धाराशिव, विजापूर, कलबुर्गीकडचे पेशंट सोलापुरात येतात, आणि आपण पुण्याकडे तोंड करून बसतो. मैदानावरच्या ओळखीतून इथल्याच एका सर्जनचं नाव कळलं. ते प्रामुख्याने दुर्बिणीची ऑपरेशनं करतात.

त्यांनी रिपोर्ट बाजूला ठेवला आणि आधी गुडघा बघितला. सांध्याच्या रेषेवर बोट फिरवत आले, गाठीवर थांबले, हलकंच दाबलं. मग गुडघा वाकवून, पाय फिरवून सरळ केला. गादी फाटलेली असली तर या तपासणीत आत खटका लागतो किंवा कळ येते. माझ्या गुडघ्यात खटका नव्हता. दुखत होतं ते फक्त गाठीवर. ते म्हणाले, "ताई, पुण्याला शिवताना काय वापरलं होतं?"

"टाके," मी म्हटलं. "विरघळणारे असतील."

"कोणते टाके? नाव हवं. ओटी नोट, म्हणजे ऑपरेशनची लेखी नोंद आहे का, सामानाचे स्टिकर आहेत का?"

पुण्याच्या हॉस्पिटलात फोन केला. चार ठिकाणी कॉल फिरवून शेवटी उत्तर मिळालं की २०१७ च्या फायली आता उपलब्ध नाहीत. मला राग आला, पण नियम बघितला तर तो त्यांच्या बाजूचा निघाला. भारतीय वैद्यक परिषदेच्या २००२ च्या नियमांनुसार दाखल पेशंटच्या नोंदी उपचार सुरू झाल्यापासून ३ वर्षं जपायच्या आणि पेशंटने मागितल्या तर ७२ तासांत द्यायच्या. ७२ तासांची सोय चांगली आहे. पण शरीरात कायमचं बसवलेलं सामान ६ वर्षांनी बोलायला लागलं तर ३ वर्षांची मर्यादा पेशंटच्या काय कामाची?

घरी हे सांगत होते तर सासरे आतल्या खोलीतून म्हणाले, "अगं, ते पुण्याचं पाकीट माझ्याकडं आहे की." सासऱ्यांना आम्ही मामा म्हणतो. मामा गिरणीत होते. गिरणी बंद पडल्यावर देण्यांसाठी त्यांनी वर्षानुवर्षं खेटे घातले आणि तेव्हापासून घरात आलेला एकही कागद ते फेकत नाहीत. लोखंडी कपाटाच्या तळाशी कापडी पिशवी, पिशवीत भविष्यनिर्वाह निधीचे जुने कागद, विजेची बिलं आणि त्यांच्याखाली माझं पाकीट. डिस्चार्ज कार्डाला टाचणीने लावलेल्या कागदावर तीन स्टिकर चिकटवलेले. कडा पिवळ्या पडलेल्या, पण अक्षरं शाबूत: कंपनी, मापं, लॉट नंबर, बारकोड आणि साहित्याच्या जागी 'पीक', हे एका प्लास्टिकचं नाव.

दुसऱ्या दिवशी ते स्टिकर समोर ठेवले आणि चित्र उलगडत गेलं. डॉक्टरांनी पॅडवर आकृती काढून समजावलं ते माझ्या भाषेत सांगते. गादी शिवायच्या पद्धती तीन: आतून बाहेर, बाहेरून आत, आणि सगळं आतूनच. पहिल्या दोनमध्ये त्वचेला आणखी छेद देऊन गाठ बाहेरच्या बाजूला मारावी लागते. तिसरीत ते टळतं. त्यासाठी १९९० च्या दशकात विरघळणाऱ्या प्लास्टिकचे बाण, खिळे, स्क्रू निघाले. बाण गादीत ठोकला की काम झालं. ऑपरेशन सोपं होतं, पण काही पेशंटमध्ये बाणाचं डोकं वर राहून समोरच्या हाडाच्या कूर्चेवर घासायला लागलं आणि तिथे चर पडले. काहींमध्ये तुकडे सरकून त्वचेखाली आले. तेव्हा दोऱ्याची नवी साधनं आली. एका सुईत दोन बारीक आडव्या पट्ट्या असतात, साधारण ५ मिलिमीटरच्या, आणि त्यांना जोडणारा दोरा. सुई गादीतून आरपार नेऊन एक पट्टी सांध्याच्या आवरणाच्या बाहेर सोडायची, मग शेजारी दुसरी, आणि आधीच मारून ठेवलेली सरकगाठ ओढून आवळायची. माझ्यात अशी तीन साधनं होती, म्हणजे सहा पट्ट्या.

यातल्या काही कंपन्यांच्या पट्ट्या पॉलिलॅक्टिक ॲसिडच्या असतात. त्या विरघळतात, पण त्वचेवरच्या टाक्यांसारख्या पंधरा दिवसांत नव्हे. दोन-तीन वर्षं किंवा त्याहून जास्त लागतात आणि विरघळताना काहींच्या सांध्यात सूज येते. 'पीक', म्हणजे पॉलिइथर इथर केटोन, विरघळतच नाही. ते जन्मभरासाठी असतं आणि एक्स-रेच्या किरणांना आरपार जाऊ देतं. बहुतेकांना ते कधी जाणवतही नाही. माझ्याकडे दोन गोष्टी जुळून आल्या असाव्यात. एक, गुडघ्याच्या आतल्या बाजूला आवरण आणि कातडी यांच्यात मांस फार थोडं असतं, म्हणून तिथली पट्टी लागते, घासते. दुसरी, दोरा जिथून गेला त्या छिद्रातून सांध्यातलं पाणी थोडं थोडं बाहेर झिरपतं आणि परत आत जात नाही. पट्टीभोवती ते साठतं, दाट होतं, त्याची गाठ बनते. सुईने काढलं तरी झरा चालू असल्यामुळे परत भरते.

"आणि ती पांढरी रेषा?" मी विचारलं.

शिवून जुळलेल्या गादीत व्रणाची रेषा एमआरआयवर वर्षानुवर्षं दिसू शकते, ते म्हणाले. फाटीत पाणी शिरलेलं दिसलं तर परत फाटली म्हणायला जागा आहे. माझ्या चित्रात रेषा होती, पण पाण्याइतकी लख्ख नव्हती. त्यांनी रेडिओलॉजिस्टना फोन करून ऑपरेशनची तारीख आणि साहित्य सांगितलं. त्यांनीही पुन्हा चित्रं पाहिली. गाठीच्या तळाशी एक बारीक काळी आडवी रेघ होती. पहिल्यांदा तिच्याकडे लक्ष गेलं नव्हतं, जायचं कारणही नव्हतं. ती पट्टी होती. पुरवणी रिपोर्टमध्ये ते आलं. त्यांना दोष देणं मला पटत नाही. जे कुणी चिठ्ठीत लिहिलंच नाही ते त्यांनी कसं ओळखायचं?

रक्ततपासणीत सीआरपी आणि ईएसआर सामान्य होते, म्हणजे जंतुसंसर्गाची शक्यता कमी. तरीही गाठ काढून तपासायलाच हवी, यावर डॉक्टर ठाम होते. गुडघ्याच्या आसपास क्वचित वाईट गाठीही होतात आणि सुरुवातीला त्या साध्याच वाटतात. हे वाक्य ऐकल्यावर घरात तेल चोळण्याचा विषय बंद झाला.

दिवाळी उरकून ऑपरेशन केलं. कंबरेत भूल, मांडीला पट्टा. मी जागी होते आणि स्क्रीन माझ्या बाजूला फिरवून ठेवायची विनंती मी आधीच केली होती. आपल्या गुडघ्याच्या आत बघणं हा विचित्र अनुभव आहे. सलाईनच्या पाण्यात सगळं पांढरं शुभ्र, कुठे कुठे तंतू हलताहेत. आतल्या गादीच्या मागच्या बाजूला निळसर दोऱ्याचे टाके दिसत होते, वरून पातळ पडदा चढलेला. डॉक्टरांनी टोकाला वाकडा असलेला बारीक आकडा घातला, गादीच्या काठाखाली अडकवला आणि ओढलं. गादी हलली नाही. आणखी दोन ठिकाणी ओढलं. "बघा ताई, जुळलीय," ते म्हणाले. पुण्याच्या त्या सर्जनला तिथून हात जोडावेसे वाटले. एका जागी दोऱ्याची गाठ वर आलेली होती आणि तिच्या समोर मांडीच्या हाडावरच्या कूर्चेवर पुसट खरबरीत पट्टा उमटला होता. तेवढा दोरा कापून काढला. गादी स्वतःच्या बळावर जुळलेली असल्यामुळे त्या टाक्याची आता गरज नव्हती.

मग बाहेरून, गाठीवर साधारण ३ सेंटिमीटरचा छेद. हा भाग मला दिसत नव्हता, पण वेळ इथेच जास्त लागला. पायाच्या आतल्या बाजूला संवेदना नेणारी सॅफेनस नस इथूनच जाते आणि तिच्या फांद्या गाठीवर पसरलेल्या होत्या. गाठ पिशवीसकट निघाली. तिच्यात दोन पट्ट्या सापडल्या, एक आवरणाला टेकून आणि दुसरी सुटून गाठीच्या पोकळीत आलेली. नर्सने छोट्या पारदर्शक बाटलीत घालून दाखवल्या. फिकट बदामी रंगाचे दोन कण, एकाला इंचभर दोरा अजून चिकटलेला. बाटली उजेडाकडे धरून मी बराच वेळ बघत होते. एवढ्याशा वस्तूने वर्षभर जिना उतरताना माझा हात कठड्यावर ठेवला होता.

पॅथॉलॉजीच्या रिपोर्टमध्ये बाहेरच्या वस्तूभोवती जमणाऱ्या मोठ्या पेशी निघाल्या. वाईट काही नाही. जंतूंची वाढ नाही. या वेळी नव्याने काही शिवलेलं नसल्यामुळे ब्रेस लागला नाही. दुसऱ्या दिवशी वॉकर धरून चालले, मग फिजिओकडे मांडीच्या स्नायूंचे व्यायाम. मेडिक्लेमवाल्यांनी मात्र शंका काढली की हा जुना आजार का मानू नये. जुन्या ऑपरेशनचे कागद, स्टिकर, पुरवणी रिपोर्ट सगळं जोडून पाठवलं तेव्हा पैसे सुटले. मामा तेव्हा काही बोलले नाहीत, फक्त चहाचा कप जरा जोरात ठेवला.

डॉक्टरांनी आणखी एक काम केलं, त्याची मला कल्पनाही नव्हती. शरीरात बसवलेल्या उपकरणांच्या तक्रारी नोंदवायला भारतात २०१५ पासून 'मटेरिओव्हिजिलन्स' नावाचा कार्यक्रम आहे. गाझियाबादचं इंडियन फार्माकोपिया कमिशन तो चालवतं. तिथे त्यांनी लॉट नंबरसकट माझी नोंद पाठवली. पेशंटही स्वतः फॉर्म भरू शकतो. यात कुणावर खटला भरायचा नसतो. एकाच लॉटमध्ये किंवा एकाच प्रकारच्या साधनात असं वारंवार होतंय का, हे कळायला नोंदी जमाव्या लागतात. माझी गाठ 'पुन्हा फाटली' म्हणून निकालात निघाली असती आणि गादी काढली गेली असती, तर कुठेच नोंद झाली नसती.

आता आत चार पट्ट्या आहेत. काढून टाका असं मी म्हणाले होते. डॉक्टर नको म्हणाले. त्या त्रास देत नाहीत, आणि शोधून काढायला मागच्या बाजूला, रक्तवाहिन्यांजवळ हात घालावा लागेल. वर्षातून एकदा दाखवायचं, नवी गाठ लागली तर आधी सोनोग्राफी. गुडघ्याच्या खाली आतल्या बाजूला तळहाताएवढ्या जागेत अजून बधिरपणा आहे. तो आधीपेक्षा आक्रसलाय. पाटावर बसता येतं, उकिडवं बसायचं टाळते. मुलींना खो-खो शिकवायला परत जाते, पण खांबाचा वळसा आता मोठ्या मुली करून दाखवतात.